सुखुआच्या वासाचा नकाशा

सुखुआचा वास घरात सर्वांत जास्त दिवस टिकतो तो स्वयंपाकघरात नव्हे. स्वयंपाकघरातून तो तीन तासांत जातो, बैठकीच्या खोलीतून संध्याकाळपर्यंत. तो टिकतो छत्रीत. दारामागच्या खिळ्याला टांगलेली मिटलेली छत्री भाजलेल्या सुक्या मासळीचा वास आपल्या घड्यांमध्ये चार-चार दिवस जपून ठेवते. मग एखाद्या सकाळी बसथांब्यावर भुरभुर सुरू झाली म्हणून ती उघडली, की तो सगळा एकदम बाहेर येतो. शेजारी उभा असलेला माणूस आधी स्वतःच्या चपलेखाली बघतो आणि मग छत्रीवाल्याकडे.

दिव्यसिंह कानुनगोंना हे ठाऊक होतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढल्यामुळे कुठली गोष्ट नेमकी कुठं आहे हे पाहण्याची त्यांना सवय होती. पण छत्रीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कटकमधल्या बिडानासी भागात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. आठवड्यातून दोनदा तरी कुंतला तव्यावर सुखुआ भाजायची. बरोबर कच्चा कांदा, हिरवी मिरची, मोहरीचं कच्चं तेल आणि वाडगाभर पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला गार भात. तो जेवून पंख्याखाली आडवं व्हायचं. निवृत्त माणसाला याहून जास्त काही हवं असलं तर तो निवृत्त झालेला नाही, असं कानुनगोबाबूंचं मत होतं. या वासाची तक्रार त्यांनी आयुष्यात एकाच माणसाजवळ केली होती, फोनवर, आणि ती खोटी होती.

तो माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, नेत्रमणी अपा. आई गेल्यावर अपानं त्यांना आपल्या सासरी नेऊन वाढवलं. केंद्रापड्याजवळच्या त्या गावातून ते मॅट्रिक झाले. अपा बाविसाव्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती पुतण्यांच्या घरात मागच्या खोलीत राहत होती. दर वर्षी कुमार पौर्णिमेच्या, म्हणजे कोजागिरीच्या, आधी तिचा फोन यायचा.

"दिबू, यंदा कार्तिक तुझ्याकडं करू का रे?"

ओडिशात कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आणि तो महिना अपासारख्या विधवा बायकांचा कडक. एक वेळ हविष्यान्न, वेगळी चूल, वेगळं भांडं. त्यामुळं कानुनगोबाबू म्हणायचे, "ये की अपा. पण आमच्या घराला सुखुआचा वास फार. कुंतलाला त्याशिवाय घास उतरत नाही. तुझ्या व्रताला ते कसं चालायचं?" अपा म्हणायची, "बरं बाबा. पुढच्या वर्षी बघू." असं अकरा वर्षं चाललं होतं. नकार त्यांनी कधीच दिला नव्हता, फक्त पुढं ढकललं होतं. अकरा वेळा पुढं ढकलल्यावर त्याला काय म्हणायचं, हे त्यांनी मोजून पाहिलं नव्हतं. एरवी त्यांना मोजायची इतकी हौस.

यंदा फोन कुंतलानं उचलला.

"बोहू, मी येते गं पौर्णिमेला," अपा भावजयीला म्हणाली. "ही पोरं मागची बाजू पाडतायत, पक्कं बांधायचंय त्यांना. कार्तिक तुमच्याकडं करते. मग पुरीला एका मठात बायकांसाठी जागा आहे म्हणतात, तिकडं जाईन. आणि हे बघ, तुझा सुखुआ तू बंद ठेवू नकोस माझ्यापायी. अकरा वर्षं ऐकतेय, तुला त्याशिवाय घास उतरत नाही. मी आपली गॅलरीत बसेन."

कुंतलानं फोन ठेवला. पदराला हात पुसले. ते आधीच कोरडे होते.

"मला कशाशिवाय घास उतरत नाही?"

कानुनगोबाबूंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या पानावर फक्त जाहिराती होत्या.

"तसं नाही गं. बोलण्याच्या ओघात..."

"अकरा वर्षं ओघ? म्हणजे तुमच्या बहिणीच्या लेखी मी ती बाई, जी एका माशासाठी नणंदेला दारात उभं करत नाही! घरात सुखुआ आणतं कोण? बाजारात हात घालून कोण निवडतं? मी भाजते, दोन तुकडे खाते, उरलेला डबा कोण संपवतं?"

"तू बालेश्वरची, समुद्राकाठची, म्हणून मी आपलं..."

"माझ्या माहेराला मध्ये आणू नका." कुंतला खुर्ची ओढून समोर बसली. "आता ऐका. अपा आली की तिला खरं सांगायचं, की वास हे नुसतं निमित्त होतं. नाही तर बावीस दिवस आहेत, हा वास घालवायचा. असा, की मला तिच्याकडं मान वर करून बघता आलं पाहिजे. माझा डबा मी आजच बहिणीकडं पाठवते. आता घरात जो उरेल तो वास तुमचा."

"घालवतो," कानुनगोबाबू म्हणाले.

"आणि कार्तिक संपल्यावर? पुरीला पाठवणार तिला, या वयात?"

"ते बघू पुढं."

खरं सांगण्यापेक्षा वास घालवणं सोपं असेल, असा त्यांचा अंदाज होता. पुढचं सगळं त्या अंदाजातल्या चुकीतून घडलं.

कुठल्याही कामाची सुरुवात पाहणीनं करायची, हा खात्याचा शिरस्ता. कानुनगोबाबूंनी घराचा आराखडा काढला, एकास पन्नास प्रमाणात, कोपऱ्यात उत्तर दिशेचा सुरेख बाण. डोंगराच्या नकाशात उंचीच्या रेषा असतात तशा वासाच्या रेषा त्यावर काढायच्या होत्या. शून्य म्हणजे वास नाही, दहा म्हणजे तवा. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते घरभर नाक लावत फिरले. पडद्यापाशी शून्य. सोफ्यापाशी शून्य. फ्रिजच्या दाराच्या रबरापाशीही शून्य. ते खूश झाले.

"तुमचं नाक त्याला सरावलंय, मउसा," तळमजल्यावरची मंदाकिनी परिजा म्हणाली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि कुणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायची नाही, त्यामुळं इमारतीत तिला घुमी समजत. "माणसाला स्वतःच्या घराचा वास येत नाही. पाव तासात नाक सांगायचं सोडून देतं. बाहेरचं नाक हवं."

बाहेरचं नाक म्हणजे रथबाबू. वरच्या मजल्यावरचे, जन्माचे शाकाहारी, कांद्याला हात लावल्यावर आंघोळ करणारे. कुंतलाच्या तव्याच्या बरोबर वर त्यांचं देवघर होतं आणि तरी तीन वर्षांत त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. अख्खी इमारत त्यांच्या सहनशीलतेची तारीफ करायची. कानुनगोबाबूंनी त्यांना जरा संकोचानंच विचारलं. रथबाबूंनी डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि होकार दिला.

रोज संध्याकाळी पाच वाजता रथबाबू धोतराचा सोगा हातात धरून खाली येत. कुंतला चहा आणि तळलेले पोहे ठेवी. मग ते एकेका ठिकाणी उभे राहून दीर्घ श्वास घेत, छताकडं बघत, आणि आकडा सांगत.

"इथं... सहा. नाही, साडेसहा."

"दारापाशी?"

"चार. पण खोल आहे. खोल चार."

कानुनगोबाबू लिहून घेत. खोल चारासाठी त्यांनी तुटक रेषेची खूण ठरवली. तीन दिवसांत नकाशा तयार झाला आणि तो इतका देखणा होता, की त्यांना वासाबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली. स्वयंपाकघर हे शिखर, तिथून बैठकीकडं उतार, आणि कपाटामागं अनपेक्षित असा एक लहानसा डोंगर.

"आता हा डोंगर पाडायचा कसा?" त्यांनी मंदाकिनीला विचारलं.

"मासळीच्या वासातला मुख्य भाग अल्कलीसारखा असतो. त्याला आम्ल लावलं की तो बांधला जातो आणि उडत नाही. म्हणून तर आपण माशाला लिंबू लावतो. व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून घ्या."

तिनं एवढंच सांगितलं होतं. काय पुसून घ्या, हे कानुनगोबाबूंनी विचारलं नाही, कारण डोंगर भिंतीवर होता. त्यांनी व्हिनेगरच्या बारा बाटल्या आणल्या, डोक्याला गमछा बांधला आणि कपाटामागच्या भिंतीपासून सुरुवात केली. फडका लावताच भिंत बारीक फसफसली. पांढरा फेस आला.

"कुंतला! लवकर ये! बघ, निघतोय!"

"काय निघतंय?"

"वास! फेसातून बाहेर पडतोय!"

त्यांनी पाणी घालणं सोडलं आणि निव्वळ व्हिनेगर लावलं. जितकी भिंत फसफसे तितका त्यांना हुरूप येई. संध्याकाळपर्यंत बैठकीच्या चारही भिंती धुऊन झाल्या. सकाळी उठून पाहतात तो रंगाचे पोपडे सुटून जमिनीवर पडलेले, आणि भिंतींवर कुठल्याच नकाशात नसलेले खंड उमटलेले.

मंदाकिनी दारात उभी राहिली. तिनं एक पोपडा उचलून बोटांत चुरडला.

"मउसा, मी ओट्याबद्दल बोलत होते. आणि भांड्यांबद्दल."

"पण फेस..."

"हा चुन्याचा रंग आहे. चुन्याला आम्ल लावलं की फेस येणारच. वास होता तिथंच आहे. भिंत गेली."

कानुनगोबाबूंनी मान हलवली. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक धरणही फुटलं नव्हतं. निवृत्तीनंतर आपली स्वतःची भिंत आपण लोणच्याच्या सामानानं पाडावी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. कुंतलानं झाडू आणला आणि त्यांच्या हातात दिला, इतकंच.

रंगारी आला. त्यानं भिंती खरवडल्या, लांबी भरली, तेलरंग लावला, आणि म्हणाला, "वारा खेळता ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत ओलाच राहील." वारा खेळवायला एक्झॉस्ट पंखा हवा. तो स्वयंपाकघराला तसाही हवाच होता. पंख्याला भिंतीत भोक हवं आणि भोकाला सोसायटीची परवानगी.

सोसायटीचे सेक्रेटरी सेनापतीबाबू कोर्टातून पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढं कागद मांडणारे कारकून, म्हणून निवृत्त झाले होते. माणूस समोर उभा असला तरी अर्ज आल्याशिवाय तो त्यांना दिसत नसे.

पहिला अर्ज परत आला, कारण डावीकडं समास नव्हता. दुसरा परत आला, कारण त्यात नुसता 'वास' असं लिहिलं होतं.

"कसला वास, ते यायला हवं, कानुनगोबाबू. उद्या कुणी हरकत घेतली तर?"

"सुखुआचा वास. सगळ्या इमारतीला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. 'सुखुआ' असं लिहिता येणार नाही, दप्तरात राहतं ते. 'आमिष दर्प' लिहा."

तिसऱ्या अर्जात 'आमिष दर्प' आला. समासही होता. सेनापतीबाबूंनी चष्मा पुसला.

"कारण या रकान्यात आपण लिहिलंय, थोरली बहीण राहायला येत आहे. म्हणजे पाहुणी की रहिवासी?"

"म्हणजे?"

"पाहुणा पंधरा दिवसांपर्यंत. त्यानंतर रहिवासी, मग नाव नोंदवावं लागतं. खाली दोन्ही शब्द छापलेत. नको तो खोडा आणि सही करा."

कानुनगोबाबूंनी पेन हातात घेतलं. 'पाहुणा' या शब्दावर नेलं. तिथून 'रहिवासी' या शब्दावर नेलं. अपाचे पाय त्यांना दिसले, टाचांना भेगा पडलेले, लहानपणापासून तेच. तिचं नाव एका घरात कायमचं लिहायला दोन अक्षरांची सही पुरली असती, आणि अकरा वर्षांत त्यांना ती सुचली नव्हती. आता सुचत होती तर हात उचलत नव्हता. आता लिहिलं तर आधी का नाही, हा प्रश्न उभा राहील, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. घर लहान हे उत्तर नव्हतं. बायको कटकटी हेही नव्हतं. काही कारण नव्हतं, हेच खरं कारण होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात मावत नव्हतं.

"हे जरा... बघू पुढं," ते म्हणाले.

सेनापतीबाबूंनी त्यांच्याकडं पाहिलं, अर्ज ओढून घेतला, आणि दोन्ही शब्दांच्या वर स्वतःच्या रेखीव अक्षरात लिहिलं, 'विचाराधीन'.

परवानगी आठव्या दिवशी आली. टंकलेखनात 'उत्तरेची भिंत' याऐवजी 'पूर्वेची भिंत' पडलं होतं. कानुनगोबाबू औषधं आणायला गेले असताना गवंडी आला, त्यानं कागद वाचला आणि पूर्वेच्या भिंतीला भोक पाडलं. पूर्वेला जिना होता.

"अहो, नकाशा लावलाय ना सोबत! उत्तरेचा बाण काढलाय इतका मोठा!"

"बाण पाहिला बाबू, झकास आहे," गवंडी म्हणाला. "पण शिक्का या कागदावर आहे."

पंखा बसला. तो सुरू होताच सेनापतीबाबू जिन्यात येऊन उभे राहिले. आमिष असो वा नसो, कुठलाही दर्प सामाईक जागेत सोडता येणार नाही. सुधारित परवानगी येईपर्यंत पंखा बंद.

"पण रंग ओला आहे! वारा कुठून आणू?"

सेनापतीबाबूंनी नियमांचं पुस्तक चाळलं. "बाहेर सोडायला मनाई आहे. आत घ्यायला मनाई नाही. त्याबद्दल नियमच नाही."

म्हणून पंखा उलटा बसवला. जिन्यातली हवा आत येऊ लागली आणि भिंती खरोखर वाळू लागल्या. रथबाबू रोज संध्याकाळी येत होते. त्यांचे आकडे उतरत होते. तीन. दोन. शनिवारी त्यांनी बैठकीच्या मधोमध उभं राहून बराच वेळ श्वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "शून्य." कानुनगोबाबूंनी नव्या कागदावर घराचा नवा नकाशा काढला. त्यावर एकही रेषा नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी कुमार पौर्णिमा, त्याच दुपारी अपा येणार, आणि मंगळवारपासून कार्तिक. कार्तिकात कटकमधली निम्मी घरं मासळी-मटणाला शिवत नाहीत, आणि जे महिनाभर शिवणार नसतात ते आदल्या रविवारी महिनाभराचं खाऊन घेतात. हे कानुनगोबाबूंना सहासष्ट वर्षं माहीत होतं. ते स्वतःही तेच करत आले होते. पण उलट्या पंख्याच्या संदर्भात त्यांनी त्याचा विचार केला नव्हता.

साडेदहाला दुसऱ्या मजल्यावर मटण शिजायला लागलं. तळमजल्यावर इलिशी मासळी तळली जात होती. समोरच्या दारात कोळंबीला मोहरीचं वाटण लागलं. सगळं जिन्यात जमा होत होतं आणि पंखा ते इमानानं ओढून कानुनगोंच्या घरात आणत होता. धावत जाऊन त्यांनी बटण बंद केलं, तोवर अर्धा तास गेला होता.

"अहो," कुंतला बैठकीत उभी राहून म्हणाली, "आपल्या घरी इतका चांगला स्वयंपाक कधी झालाच नव्हता."

"हसू नकोस. रंगात मुरला तर?"

"मी हसत नाहीये. उद्या अपाला सांगून टाका. सोपं आहे. चार वाक्यं आहेत."

त्यांनी ते ऐकलं नाही. घमेलं काढलं, नारळाच्या शेंड्यांवर निखारे ठेवले आणि त्यावर झुण्याची राळ टाकली. घरात झुण्याचा धूर फिरला की दुसरा वास उरत नाही, हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं. आजी चिमूटभर टाकायची. त्यांनी ओंजळभर टाकली. दाट पांढरा धूर खिडक्यांतून बाहेर पडू लागला. जिन्यात आरडाओरडा झाला. रथबाबूंच्या सौभाग्यवती पाण्याची बादली घेऊन धावत खाली आल्या आणि त्यांनी ती घमेल्यावर ओतली. शिंतोडे नव्या रंगावर उडाले.

"जळतंय काय? काय जळतंय?"

"काही नाही जळत, झुणा आहे," खोकत कानुनगोबाबू म्हणाले. "वास आलाच असेल की तुम्हाला. रथबाबूंना विचारायचं."

"त्यांना?" बाई घमेल्याशेजारीच बसल्या. "त्यांना कसला वास येतोय? तीन वर्षांपूर्वी तो ताप आला ना, तेव्हापासून नाक गेलंय त्यांचं. काल मीठ म्हणून सोडा घातला मी, बोलले नाहीत."

त्यांच्यामागं जिन्यात रथबाबू उभे होते.

ते दोन पायऱ्या खाली आले. मग रथबाबू म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो."

"मग?"

"तुम्ही वही काढलीत. मी बोललो ते लिहून घेतलंत." त्यांनी धोतराचा सोगा दोनदा झटकला. "आमच्या घरी, ऑफिसात, कुणी माझं म्हणणं कधी लिहून घेतलं नाही. मी विचार करून सांगत होतो, कानुनगोबाबू. वाटेल ते नाही सांगितलं. कुठं किती असावा, याचा विचार करून सांगत होतो."

कानुनगोबाबूंना त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. खोटं सांगायला इतकं साधं कारण असलेला माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"चहा घ्या," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी अपा आली. हातात कापडी गाठोडं, काखेत हविष्याचं पितळी भांडं फडक्यात गुंडाळलेलं. चपला बाहेर काढून ती बैठकीत आली आणि उभीच राहिली. तिनं एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. तेलरंग, व्हिनेगर, झुण्याचा धूर, आणि त्याखाली कुठंतरी दुसऱ्या मजल्यावरचं मटण. कानुनगोबाबू तिच्या नाकाकडं बघत होते.

"दिबू," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. घरात कुणी गेलं का?"

"नाही! नाही अपा. कुणी नाही."

"मग इतकं धुतलंय कशाला? दहावा झाल्यावर धुतात तसं."

कुंतला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"तुझ्यासाठीच," कानुनगोबाबू म्हणाले. "तुला सुखुआचा वास चालत नाही ना, म्हणून..."

"मला? मला कोण म्हणालं चालत नाही?"

"तूच... दर वर्षी..."

"मी कधी म्हणाले? तू म्हणायचास. मी नुसतं 'बरं' म्हणायची." अपा चटईवर बसली आणि पाय लांब केले. "तुझ्या मॅट्रिकच्या वर्षी तुला सुखुआ कोण भाजून देत होतं रे? त्याशिवाय तू पखाळाला हात लावायचा नाहीस. धाकटी जाऊ म्हणायची, विधवेनं चुलीला असलं काही लावायचं नाही. मग मी गोठ्यामागं तीन विटा मांडायची. भाजून तुला द्यायची आणि तळ्यावर जाऊन डोक्यावरून आंघोळ करून यायची. तेव्हा घरात घेत. माघातसुद्धा. बोहू, याला विचार, आठवतंय का."

कानुनगोबाबूंना चव आठवत होती. कुरकुरीत शेपटी, मोहरीच्या तेलाचा झणका. आणि अपाचे ओले केस. शाळेत जायच्या वेळी ती दारात उभी असायची तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत असायचं. ते का, हे त्यांनी पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं.

"मी पहिल्या वर्षीच ओळखलं," अपा पुढं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पंख्याच्या भोकाकडं ती कौतुकानं बघत होती. "म्हटलं, दिबूकडं जागा नाही आणि ते त्याला तोंडानं म्हणवत नाही, म्हणून वासाचं नाव घेतो. बरंच केलंस. जागा नाही म्हणाला असतास तर मला लागलं असतं. वासाचं काय, तो कुणाच्याही घरी असतो. पण तू भिंतीसुद्धा खरवडशील असं वाटलं नाही हो. इतका त्रास होणार हे कळलं असतं तर मी यंदाही 'बरं' म्हणाले असते."

कुंतलानं पदर तोंडाशी नेला. या वेळी ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती.

"आता महिनाच आहे," अपा म्हणाली. "कार्तिक पौर्णिमा झाली की मला पुरीच्या गाडीत बसवून द्या. मठात नाव दिलंय मी."

कानुनगोबाबू तिच्यासमोर चटईवर बसले. गुडघे वाजले.

"पुरीला... गर्दी फार असते, अपा."

"असू दे. देवाची गर्दी."

"पाणी खारट आहे तिथलं."

"झालं!" कुंतला दारातून म्हणाली. "सुखुआ संपला, आता पाणी!"

अपा हसली. तिचे खालचे दोनच दात उरले होते, ते दिसले. काय बोलायचं याचा कानुनगोबाबूंनी आराखडा केलेला नव्हता, प्रमाण ठरवलेलं नव्हतं. त्यांनी बहिणीच्या पायावर हात ठेवला.

"अपा, वास कधीच नव्हता. म्हणजे होता, पण तुला येऊ न देण्याइतका नव्हता. कुंतलाचा यात काही दोष नाही, तिला माहीतही नव्हतं. आणि जागाही होती. या दोन खोल्या अकरा वर्षांपूर्वीही दोनच होत्या. मी नुसता पुढं ढकलत राहिलो." मग ते एकदम मोठ्यानं, खालच्या मजल्यावरही ऐकू जाईल असं म्हणाले, "मठातलं नाव काढून टाक. पुरीला जायचं नाही, पुतण्यांकडंही नाही. कार्तिक संपला की कुंतला तिचा डबा परत आणेल, ती भाजेल, मी खाईन, आणि तू शेजारी बसून मला नावं ठेवशील. तू आता इथंच राहायचंस, अपा. माझ्या घरात."